मध्यम पुरुषाचा हात

राळेगावाजवळच्या रावेरी या खेड्यात सीतेचे एक जुने देऊळ आहे आणि त्याच्याशी निगडित असलेली कथा त्या पंचक्रोशीत आबालवृद्धांच्या तोंडी आहे. रामाने त्यागलेली सीता या रानात राहिली, लव आणि कुश यांच्यासाठी तिने गावकऱ्यांच्या दारी पसाभर गहू मागितले, ते तिला कोणी दिले नाहीत, आणि तेव्हापासून तिच्या शापाने रावेरीच्या शिवारात गहू पिकेनासा झाला, तो थेट संकरित बियाण्यांचे युग उजाडेपर्यंत, अशी ती कथा. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी देवळाच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतल्यापासून ती वऱ्हाडाबाहेरही ऐकू येऊ लागली आहे. तिच्यात पुराण किती आणि इतिहास किती या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही; परंतु ज्या समाजाने ती रचली त्याने देवीच्या याचनेलाही माप दिले आणि ते शेरापायलीचे न ठेवता हाताचे ठेवले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पसा देणाऱ्याच्या हाताने मोजावयाचा की घेणाऱ्याच्या, हे कोठल्याही दफ्तरात लिहिलेले नाही, आणि ज्याच्या हाताने तो मोजला जातो त्याच्या बाजूला तो नेहमीच थोडा झुकतो. मनुष्यदेहाच्या मापांचा या मुलखातील इतिहास पाहू लागले म्हणजे हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा भेटतो: माप कोणाच्या देहाचे घेतले, आणि त्या मापाने बनलेली वस्तू कोणाच्या अंगाला लावली?

अंगुळ, वीत, हात आणि वाव ही लांबीची, परस हे खोलीचे, चिमूट, मूठ, पसा आणि ओंजळ ही धान्याची, अशी सगळी मापे अंगावरच वागविली जात असल्यामुळे ती घरी विसरून येण्याची सोय पूर्वीच्या माणसाला नव्हती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात, दोन्ही बाहू फाकले असता या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाव, आणि हात उंचावून उभ्या राहिलेल्या पुरुषाच्या उंचीएवढा परस. दोराची लांबी वावेने सांगावयाची, विहिरीची खोली परसाने. व्यवहारात या मापांचा दोष उघड होता. कापड हातावर मोजताना दुकानदार आपला हात पुढे करी, गिऱ्हाईक आपला, आणि ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण अशा प्रसंगी दोन्ही पक्षांना सारखीच उपयोगी पडे. परंतु जो दोष बाजारात होता तोच हत्यार घडविताना गुण ठरे, कारण ज्याच्या हाताने औत धरावयाचे त्याच्याच हाताने ते मोजलेले असे. आणि मापाच्या या दोन वाटा, एक देवघेवीची व दुसरी घडणीची, आपल्याकडे फार प्राचीन काळीच फुटलेल्या दिसतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले, त्यात देशमान आणि कालमान यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आठ यवांची मधली जाडी म्हणजे एक अंगुल हे सांगून आचार्य लगेच पर्याय देतो की मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराची रुंदी म्हणजे अंगुल. बारा अंगुलांची वितस्ती, चोवीस अंगुलांचा प्राजापत्य हस्त. हा मध्यम पुरुष कोण, त्याला कोणी निवडले, तो शेतकरी की सैनिक, याचा खुलासा ग्रंथात नाही, पण सर्व राज्याचा कारभार एका कल्पित माणसाच्या बोटाच्या पेरावर उभा करण्याची ती युक्ती इतकी आधुनिक आहे की तिच्यापुढे पुढच्या दोन हजार वर्षांत युरोपालाही फारसे जाता आले नाही. त्याहून मौजेची गोष्ट ही की कौटिल्याचा हात सर्वत्र एकसारखा नाही. सुतारांचा, छावण्या व दुर्ग बांधताना वापरावयाचा हात बेचाळीस अंगुलांचा, दोर आणि खोदकाम मोजण्याचा व्याम चौऱ्यांशी अंगुलांचा, आणि राजाच्या अरण्यातील लाकूड मोजण्याचा हात चोपन्न अंगुलांचा. राजाच्या मालकीचा प्रदेश आला की हात लांब होतो, हे पाहून कोणाही वऱ्हाडी शेतकऱ्यास नवल वाटणार नाही.

याच्या अगदी उलट रीत शुल्बसूत्रांची. अग्निचयनाची श्येनाकार वेदी साडेसात वर्गपुरुषांची रचावयाची, आणि तेथे पुरुष म्हणजे हात उंचावून उभा राहिलेला तो यजमान स्वतः, दुसरा कोणी नव्हे. यजमान बुटका असेल तर वेदी लहान होई आणि धिप्पाड असेल तर मोठी, आणि देवांना त्यात उणे काही वाटत नसे. वराहमिहिराने बृहत्संहितेत उत्तम, मध्यम आणि हीन पुरुषांच्या उंच्या अनुक्रमे १०८, ९६ आणि ८४ अंगुले अशा सांगितल्या आहेत, म्हणजे माणसे सारख्या उंचीची नसतात हे त्याला पुरते ठाऊक होते. फक्त उंचीबरोबर श्रेष्ठकनिष्ठतेची चिठ्ठी चिकटविण्याचा मोह त्यालाही आवरला नाही, आणि हा मोह पुढे साहेबाच्या अमदानीत कसा बळावला ते यथाक्रम येईल.

वऱ्हाडचा सुभा १५९६ साली मोगलाईत गेला आणि अकबराच्या इलाही गजाची सत्ता निदान कागदावर येथवर पोहोचली. हा गज एकेचाळीस अंगुलांचा. साठ गज लांब व साठ गज रुंद तो बिघा. जमीन पूर्वी दोराने मोजीत, आणि दोर ओला झाला म्हणजे आखडतो, सुकला म्हणजे सैल होतो, हे जाणून बादशहाच्या दिवाणांनी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूची जरीब चालू केली होती. पश्चिमेकडे शिवाजी महाराजांच्या अमदानीत जी मोजणी झाली तिची काठी बखरकार सभासदाने पाच हात पाच मुठींची सांगितली आहे, वीस काठ्या औरसचौरस तो बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. या सर्व मापांच्या नावांत हात आहे, बोट आहे, मूठ आहे. परंतु काठीवर खूण कोरली गेली आणि तिच्यावर सरकारी शिक्का उठला की तो हात कोणाचाही राहत नसे. रयतेचा हात आणि दिवाणाचा हात यांत एका मुठीचे अंतर पडले तरी त्याचा फरक शेतसाऱ्यात उमटे. वऱ्हाडात तर निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली चालली होती, तेव्हा एकाच शेतातील पिकावर दोन सरकारांचे हात पडत. त्यांपैकी मोठा कोणता हे रयतेला मोजण्यावाचून कळत असे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले, आणि पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे मोजणी आणि जमाबंदी सुरू झाली. तेव्हा राळेगावचा मुलूख वणी जिल्ह्यात मोडत होता. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव पुढे १९०५ च्या फेररचनेत रूढ झाले. मोजणीदाराची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. पडीक जमिनी लागवडीस आणण्यासाठी १८६५ च्या नियमांनी गावेच्या गावे इजाऱ्याने दिली गेली आणि आजही यवतमाळ जिल्ह्यातील कितीतरी गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द तसाच चिकटून आहे. या साखळीत बोट नाही, मूठ नाही, कोणाचे पेर नाही. तिने रयतेवरील एक जुना अन्याय दूर केला हे निर्विवाद, कारण साखळी पाटलाकडे पाहून लांब आणि कुळाकडे पाहून आखूड होत नाही. परंतु जमिनीच्या मापातून माणसाचा देह कायमचा बाहेर पडला तो याच वेळी.

घडणीच्या वाटेवर मात्र तो देह अजून होता, आणि तो पाहावयाचा तर वाढयाच्या, म्हणजे गावच्या सुताराच्या, दारी जाऊन पाहावा लागे. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत नांगराचे काम वर्षानुवर्षे क्वचितच निघे. कुंदा किंवा काशी माजली तरच नांगर जुंपावयाचा, एरवी सगळी मशागत वखराची. वखराचे आडवे खोड, त्याला पुढे जोडलेली दांडी, खाली जमीन कापणारी लोखंडी पास आणि मागे उभे रुमणे, ज्याच्या मुठीवर औतकऱ्याचा हात दिवसभर असावयाचा. हे रुमणे किती उंच, याला कोठल्याही पोथीत आकडा नाही. बाभळीचे लाकूड तासून झाले की ज्याचे औत त्याला उभे करून मूठ त्याच्या कमरेच्या कितपत वर येते ते वाढई डोळ्यांनी पाही आणि त्याप्रमाणे ते कापी. मूठ खाली राहिली तर औतकरी दिवसभर वाकून चालेल आणि संध्याकाळी त्याची कंबर धरेल. ती फार वर आली तर त्याला खालच्या पासेवर भार देता येणार नाही, पास जमिनीवरून नुसती घसरत जाईल आणि मग त्याला वखरावर उभे राहून आपल्या अंगाचे ओझे बैलांवर घालावे लागेल. दांडीची लांबी पुन्हा बैलांच्या उंचीवर अवलंबून, कारण खांद्यापासून पासेपर्यंतचा कोन बिघडला की औत एक तर जमिनीत रुतते, नाही तर उसळते. म्हणजे वखर हे तीन देहांच्या मापाचे हत्यार, एक माणूस आणि दोन बैल. आणि त्यांतला एखादा बदलला की वाढयाला पाचर ठोकून किंवा रुमणे तिरपे करून नवा मेळ साधावा लागे. बलुत्याच्या पद्धतीत याचे पैसे वेगळे पडत नसत. वर्षाच्या खळ्यावर धान्य मिळावयाचे असल्यामुळे हत्यार अंगाला लागत नाही ही तक्रार वाढयाच्या दारी वारंवार येणे त्यालाच जड जाई, आणि म्हणून पहिल्याच खेपेला ते नीट बसविण्यात त्याचे हित होते. आजच्या कोणत्याही कारखानदाराला आपल्या मालाच्या वापराशी इतकी वर्षे बांधून घेतलेले नाही.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. वाढयापुढे जो उभा राही तो कर्ता पुरुष असे. कपाशीच्या पेरणीत तिफणीमागे सरते धरून बायका चालत आणि शेणमातीत घोळलेली सरकी बांबूच्या त्या नळ्यांतून मुठीमुठीने सोडीत; पुढे निंदणाला बसत त्या बायका, आणि वेचणीला वाकत त्याही बायकाच. तिफणीच्या फणांतले अंतर वाढई ठरवी, त्यावरून दोन तासांमधली जागा ठरे, आणि त्या जागेत उकिडवे बसून बायकांनी आठवडेच्या आठवडे पुढे सरकावयाचे. कोळपणीच्या डवऱ्याला ती वाट पुरते की नाही हे पाहिले जाई, कारण डवरा बैलाने ओढावयाचा. निंदणाऱ्या बाईचा गुडघा तीत मावतो की नाही हे पाहिल्याची आठवण कोठे सापडत नाही. विळ्याखुरप्याच्या मुठी पुरुषी पंजाला बेताच्या, आणि वेचणीला तर हत्यारच नाही. कमरेला बांधलेले फडके हेच काय ते साधन. देहाच्या मापाने वस्तू घडविण्याची जुनी कला खरी होती, परंतु तिच्या मापाची पट्टी घरातल्या एकाच देहाला लावली जात होती.

यंत्रयुगाने तोही देह दूर केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी तो घेईनात, ही हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. ती सांगताना शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेला हसण्याची प्रथा आहे. पण त्या शेतकऱ्यापुढे एक अगदी नवी गोष्ट उभी होती: आपल्याला न पाहता, आपल्या बैलांना न पाहता, दूरच्या कारखान्यात कोणा अज्ञात माणसासाठी ओतलेले हत्यार. कारखान्यातून निघणारे हजार नांगर एकाच मापाचे, म्हणून ते धरणारे हजार शेतकरीही एकाच मापाचे आहेत असे धरून चालावे लागते. कौटिल्याचा मध्यम पुरुष लगानाच्या दफ्तरातून उठून आता औताच्या मुठीपाशी येऊन उभा राहिला. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना करीत आलो आहोत. तयार मालाच्या युगात तो अक्षरशः खरा झाला.

मग सरकारने देह मोजलेच नाहीत की काय? मोजले, आणि भरपूर मोजले. बेल्जमचा गणिती केतले याने १८३५ साली ‘सरासरी मनुष्य’ शास्त्रात आणला, तेव्हापासून माणसाच्या अंगावर पट्टी आणि कंपास फिरविण्याचा उद्योग युरोपात वाढला आणि त्याचे लोण हिंदुस्थानात येण्यास विलंब लागला नाही. बंगालमध्ये हर्बर्ट रिस्ले याने नाकांची रुंदी आणि उंची मोजून तिच्यावरून जातींची उतरंड लावून दाखविली. हाच गृहस्थ पुढे १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख झाला. गुन्हेगार ओळखण्यासाठी बर्तियोँची देहमापनाची पद्धत काही काळ चालली आणि अंगठ्याच्या ठशांनी ती मागे सारली. ठशांची कचेरी १८९७ साली कलकत्त्यास निघाली. एके काळी नागपूरला चीफ कमिशनर असलेले सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या दुष्काळात मद्रासकडे खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे असे ठरविले, आणि त्यावरून डॉक्टरांशी त्यांचा मोठा वाद झाला. उपासमार किती सोसेल, चोर कोणता, जात कोणती, पलटणीत छाती किती फुगते, या सर्व प्रश्नांसाठी हिंदी माणसाचा देह मोजला गेला. वखराचे रुमणे किती उंच असावे या प्रश्नासाठी त्या साऱ्या काळात एकही कंपास उघडला गेला नाही.

आपल्याकडे ही विद्या जिने पुरती हस्तगत केली तिने रिस्लेचे मनोरे फारसे मानले नाहीत, हे महाराष्ट्राला अभिमानास्पद आहे. इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर याच्या हाताखाली कवट्यांच्या असमतोलाचा अभ्यास करीत होत्या. वंशश्रेष्ठतेला पुष्टी देणारा निष्कर्ष त्या गुरूला हवा होता, आणि मोजमापातून तसे काही निघत नाही असे या मराठी मुलीने लिहून दिले. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध केला. उंची, डोक्याची लांबीरुंदी, नाक, चेहरा अशी मापे जातिसमूहांच्या परस्परसंबंधांचा शोध घेण्यासाठी त्यात तपासली आहेत. विद्वत्ता निःसंशय मोठी. पण हाताची पकड, कोपराची उंची, बसल्यावर गुडघ्याचे अंतर ही मापे ज्या प्रश्नाला लागतात तो प्रश्न त्या काळी पुण्याच्या विद्यापीठीय जगात कोणाच्या समोर नव्हता.

तो ज्याच्या समोर होता तो मनुष्य शास्त्रज्ञ नव्हता. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाच्या वतीने गांधीजींनी सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, आणि त्याच्या अटी आज वाचताना त्या कोणा यंत्रविशारदाच्या हातच्या नसाव्यात असेच वाटते, कारण त्या यंत्रापासून सुरू होतच नाहीत. चरखा हलका असावा, इकडून तिकडे नेता यावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहजपणे चालविता यावा. आणि एका स्त्रीला त्यावर सलग आठ तास फारसे श्रम न होता काम करता यावे. त्या आठ तासांत बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, आणि यंत्र वीस वर्षे टिकावे. सूत किती निघावे हे कोणत्याही गिरणीवाल्याने लिहिले असते. ते काढणारी स्त्री आहे, ती झोपडीत बसली आहे आणि आठ तासांनंतरही तिचे अंग शाबूत राहिले पाहिजे, ही अट यंत्राच्या मागणीपत्रात घालणारा दुसरा मनुष्य त्या काळी जगात फारसा सापडणार नाही. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. सगळ्या अटी एकाच यंत्रात बसविणे कोणाला साधले नाही. राळेगावच्या शिवेपलीकडे वर्धा नदी ओलांडली की ज्या जिल्ह्यात गांधीजी पुढे येऊन राहिले, तेथील मगन संग्रहालयात १९३८ पासून चरख्यांचे नाना प्रकार मांडून ठेवले आहेत. ग्रामोद्योगाचा तो सगळा खटाटोप यंत्र माणसाच्या देहाला जुळविण्याच्या इतिहासात गणला जावा असे मला वाटते, जरी त्याला त्या नावाने कोणी ओळखले नाही.

युरोपात हे शास्त्र नावारूपाला आले ते महायुद्धामुळे. ‘अर्गोनॉमिक्स’ हा शब्द पोलंडच्या यास्त्शेंबॉव्स्कीने १८५७ सालीच योजला होता, पण १९४९ साली इंग्लंडात मरेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मंडळ काढीपर्यंत तो निपचित पडून राहिला. युद्धात विमाने पडू लागली आणि वैमानिकाचा हात कळीपर्यंत पोहोचतो की नाही हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. अमेरिकेच्या वायुसेनेत गिल्बर्ट डॅनियल्स या तरुणाने ४०६३ वैमानिकांची मापे तपासून १९५२ साली असे दाखविले की मुख्य दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेला वैमानिक त्यांत एकही नाही. कोणाचे हात लांब तर पाय आखूड, कोणाची छाती भरदार तर मान बारीक. दोन हजार वर्षे राज्ये ज्याच्या बोटावर तोलली गेली तो मध्यम पुरुष अस्तित्वातच नव्हता! वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए मात्र याच सुमारास आपली मापपद्धती १८३ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषावर बेतत होता, आणि ही उंची का, तर इंग्रजी कादंबऱ्यांतले रुबाबदार पोलीस सहा फुटी असतात म्हणून. चंदीगड त्याच मापाने बांधले गेले.

डॅनियल्सच्या शोधातून जी रीत निघाली ती समजण्यास सोपी आहे. शंभर माणसांना उंचीप्रमाणे ओळीने उभे करा. जेथे हात पोहोचला पाहिजे तेथे ओळीतल्या पाचव्या, म्हणजे ठेंगण्या माणसाचे माप घ्या, आणि जेथे अंग मावले पाहिजे तेथे पंचाण्णवाव्या, म्हणजे थोराड माणसाचे. मधल्याला अनुसरून केलेली वस्तू दोन्ही टोकांना जाचते. परंतु यासाठी आधी शंभर माणसे मोजलेली असावी लागतात, आणि ती आपली असावी लागतात. आपल्या देशात हे काम उशिरा झाले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांचा हिंदी माणसांच्या शरीरमापांचा ग्रंथ १९९७ साली निघाला, आणि शेतीपुरते बोलावयाचे तर भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतून गीते आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक राज्यांतील शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची ७९ प्रकारची मापे व त्यांचे बळ मोजून २००९ साली प्रसिद्ध केले. त्यात बायकाही मोजल्या गेल्या. पुरुष शेतमजुराची सरासरी उंची सुमारे १६३ सेंटिमीटर, स्त्रीची सुमारे १५१. कॉर्ब्युझिएच्या पोलिसापेक्षा ती वीतभराहून अधिक बुटकी आहे. कौटिल्यापासून सुरू झालेल्या या इतिहासात निंदणाऱ्या बाईच्या कोपराची उंची अखेर एका छापील कोष्टकात आली.

कोष्टक पुस्तकात राहिले आणि शिवारात यंत्रे दुसऱ्याच वाटेने आली. पाठीवरचा फवारणीचा पंप भरला म्हणजे सोळा लिटर द्रव आणि पंपाचे स्वतःचे वजन मिळून अर्ध्या मणाचे ओझे होते. कपाशी गुडघ्याकमरेएवढी असे तोवर नळीचे तोंड खाली आणि माणसाचे तोंड वर, हे अंतर आपोआप राखले जाई. औषध जहाल असले तरी देहाची उंचीच काही अंशी रक्षण करी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी असाधारण वाढली, पुष्कळ ठिकाणी माणसाच्या डोक्याएवढी किंवा त्याहूनही उंच. तिच्यातून चालताना नळी खांद्याच्या वर धरावी लागे, बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपांतून निघणारा बारीक तुषार नाकातोंडावर येई, आणि त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो इस्पितळांत पडले. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, संरक्षक पोशाखाचा नियम १९७१ चा. तो पोशाख भादव्याच्या उकाड्यात, ओल्या रानात, सकाळपासून अंगावर ठेवता येतो की नाही, हे नियम करणाऱ्यांनी कोणाच्या अंगावर घालून पाहिले होते कोण जाणे. झाडाची उंची, नळीची लांबी आणि माणसाच्या तोंडाची पातळी ही तीन मापे एकत्र मांडण्याचे काम एकाही दफ्तराच्या कक्षेत येत नव्हते. बियाण्याचे खाते वेगळे, यंत्राचे वेगळे आणि मजुराचे वेगळे.

वाढयाची कला मात्र अगदीच गेली असे नाही. सायकलचे चाक बसवून केलेला, माणसाने ढकलावयाचा डवरा आज तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानांतून जोडून मिळतो, आणि त्याच्या दांड्याला ओळीने भोके पाडलेली असतात. बोल्ट काढून मूठ वर किंवा खाली करता येते. सकाळी नवरा आणि दुपारी बायको तोच डवरा चालविते तेव्हा मध्ये कोणीतरी पान्याने तो बोल्ट फिरवितो, निदान फिरवावा अशी सोय आहे.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आणि अन्यत्र आता सघन लागवडीचे प्रयोग जोरात आहेत. झाडे जवळजवळ लावावयाची, वाढ रोखणारे औषध मारून ती बुटकी व सारख्या उंचीची ठेवावयाची, बोंडे एकदम फुटावीत असे वाण निवडावयाचे, म्हणजे पुढेमागे वेचणीचे यंत्र त्यांवरून फिरविता येईल. यंत्राच्या तोंडाला जे माप हवे तेच झाडाला दिले जात आहे. फवारणाऱ्याच्या दृष्टीने हे बरेच, कारण झाड कमरेखाली राहिले तर तुषारही कमरेखाली राहील, जरी हा लाभ कोणी मनात धरलेला नव्हता. यंत्र येईपर्यंत ते बुटके झाड वेचावयाचे आहे राळेगावच्या शिवारातल्या बायकांनाच, आणि त्यांना पूर्वीपेक्षा आणखी वीतभर खाली वाकावे लागेल.